‘आपण’ आणि ‘आम्ही’ : समलिंगी युगुलाच्या दुराव्याचे मराठी रूप

१

दोन माणसे एकमेकांपासून दूर होणे या घटनेसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट हा शब्दांचा एक वर्ग. दुरावा, अबोला, बेबनाव, ताटातूट, विरह हा दुसरा. या दोन वर्गांतील भेद केवळ अर्थच्छटेचा नाही. पहिल्या वर्गातील प्रत्येक शब्दाच्या मागे एक दृश्य कृती उभी आहे. काडी मोडली जाते, चिठ्ठी दिली जाते, फारकतीचा कागद होतो, घट फोडला जातो. ही कृती चारचौघांसमोर होते, आणि तिला साक्षी असतात म्हणूनच ती पूर्ण होते. दुसऱ्या वर्गातील शब्दांना साक्षीदार लागत नाही. अबोला घरातल्या घरात धरता येतो. दुरावा तर कोणी ‘करीत’ही नाही, तो ‘येतो’.

विवाहित जोडप्याला हे दोन्ही वर्ग उपलब्ध असतात. त्याचे प्रेम आटले तर ‘दुरावा’ येतो आणि तो विकोपाला गेला तर ‘घटस्फोट’ होतो. समलिंगी युगुलाला मात्र पहिल्या वर्गाची दारे बंद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना वगळले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात अशा युगुलांच्या विवाहाला मान्यता देण्याचे नाकारून तो विषय विधिमंडळांच्या कक्षेतील ठरविला. जेथे विवाह नाही तेथे घटस्फोटही नाही, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने उघड आहे. भाषेच्या आणि वाङ्मयाच्या दृष्टीने तिचा परिणाम अधिक खोल आहे. ज्यांचे एकत्र असणे कोणी मोजले नाही, त्यांचे विभक्त होणे कोणी मोजावे?

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. समलिंगी युगुलाचा दुरावा मराठी नाटकाने, कादंबरीने आणि चित्रपटाने कसा हाताळला, आणि त्यासाठी मराठी भाषेने कोणती सामग्री पुरविली किंवा नाकारली, याचा येथे विचार केला आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक (१९८१), सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी (२००६) व तिच्यावरून निघालेला चित्रपट (२०२२), आणि रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट (२०२५) या कृती विवेचनासाठी घेतल्या आहेत. तुलनेसाठी वाँग कार-वाय या हाँगकाँगच्या दिग्दर्शकाचा ‘हॅपी टुगेदर’ (१९९७) घेतला आहे. कारण युगुलाचे दुरावणे हाच ज्याचा सर्वस्वी विषय आहे, असा तो चित्रपट आहे.

२

विवेचनाकडे वळण्यापूर्वी मराठीच्या व्याकरणातील काही गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. मराठी क्रियापद लिंगाविषयी बोलके आहे; तथापि ते सर्वत्र सारखेच बोलके नाही. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्यात क्रियापदाचा मेळ ‘प्रेम’ या नपुंसकलिंगी नामाशी आहे. बोलणारा पुरुष की स्त्री, ऐकणारा पुरुष की स्त्री, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. प्रेमिकांचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य मराठीत असे लिंगनिरपेक्ष आहे. ‘तू मला सोडलेस’ हे भावे प्रयोगातील वाक्यही तसेच आहे. ‘तू मला फसवलेस’ हेही तसेच. प्रेमाची कबुली आणि विश्वासघाताचा आरोप या दोन्ही गोष्टी मराठीत कोणाचेही लिंग उघड न करता बोलता येतात.

परंतु आरोप न करता केवळ जे घडले ते सांगायचे झाले की स्थिती पालटते. ‘तू गेलास’, ‘तू दुरावलास’ हे कर्तरी प्रयोग होत. येथे जाणारा पुरुष आहे हे क्रियापद लपवू देत नाही. म्हणजे दोष देताना आडोसा मिळतो, आणि दोष न देता दुःख सांगताना तो मिळत नाही.

या अडचणीतून सुटण्याची एक वाट व्याकरणातच आहे. ती प्रथमपुरुषी अनेकवचनाची. ‘मी दुरावलो’ आणि ‘मी दुरावले’ यांत भेद आहे. ‘आम्ही दुरावलो’ यात तो उरत नाही. दोन पुरुष, दोन स्त्रिया, एक स्त्री व एक पुरुष, सर्वांसाठी रूप एकच. मात्र येथे मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य आड येते. हिंदीत ‘हम’ एवढे एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा अंतर्भूत असतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला असतो. दोघे परस्परांशी बोलताना ‘आपण दुरावलो’ म्हणतील. ‘आम्ही दुरावलो’ हे वाक्य उच्चारण्यासाठी समोर तिसरे कोणीतरी असावे लागते, आणि त्या तिसऱ्याने हे दोघे ‘आम्ही’ आहेत हे आधी मानलेले असावे लागते.

‘आपण’ हे खोलीच्या आतले सर्वनाम आहे, ‘आम्ही’ हे उंबरठ्याबाहेरचे. विवाहित जोडप्याला समाज हे दुसरे सर्वनाम लग्नाच्या मांडवातच बहाल करतो. नाव घेण्याचा उखाणा, ‘अहो’, ‘आमचे हे’, ‘आमची मंडळी’ ही सारी त्याचीच रूपे. समलिंगी युगुलात असा संबोधनाचा वेगळा साज नसतो. दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणतात, जसे कोणतेही दोन मित्र म्हणतात. त्यामुळे त्यांची जवळीक बाहेरच्याला ऐकू येत नाही आणि ती संपली तरी कानांना कळत नाही. नात्यासाठी नावे शोधण्याचे प्रयत्नही मैत्रीच्याच शब्दसंग्रहातून झालेले दिसतात. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या नियतकालिकाचे नाव ‘बॉम्बे दोस्त’ होते. ‘पार्टनर’ हा शब्द व. पु. काळे यांच्या लोकप्रिय कादंबरीचे शीर्षक म्हणून मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला; पुढे बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी पुरुषाच्या जीवनावरील आपल्या कादंबरीला तेच नाव दिले. शब्द तोच, आशय वेगळा. आणि बाहेरून पाहणाऱ्याला हे दोन अर्थ वेगळे करता येऊ नयेत, अशीच जणू त्या शब्दाची सोय.

३

‘मित्राची गोष्ट’ या शीर्षकातच ही संदिग्धता मूर्त झाली आहे. नायिका सुमित्रा, तिला सारे ‘मित्रा’ म्हणतात. ‘मित्र’ हे पुल्लिंगी नाम आणि ‘मित्रा’ हे स्त्रीचे नाव यांच्या प्रथमेत फरक आहे. परंतु षष्ठीचा प्रत्यय लागण्यापूर्वी जे सामान्यरूप होते, ते दोहोंचे ‘मित्रा-’ असेच होते. ‘मित्राची गोष्ट’ म्हणजे मित्रा या मुलीची गोष्ट की एका मित्राची गोष्ट, हे शीर्षक ऐकून ठरविता येत नाही. तेंडुलकरांनी हा श्लेष शोभेसाठी केलेला नाही. विभक्तीच्या पडद्याआड लिंगभेद मावळतो, हे व्याकरणातील साधे तथ्य त्यांनी नाटकाच्या दर्शनी भागी आणून ठेवले आहे.

विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन जीवन ही त्याची पार्श्वभूमी. महाविद्यालयाच्या नाटकात पुरुषाची भूमिका करणारी मित्रा आपल्यासमोर नायिका झालेल्या नमाकडे ओढली जाते. दोघींना भेटायला जागा नाही. ती बापू देतो, आपली खोली. हाच बापू सारी कथा प्रेक्षकांना सांगतो.

येथे सर्वनामांचा प्रश्न ऐरणीवर येतो. मित्रा आणि नमा यांना ‘आपण’ म्हणण्यासाठी उसनी खोली मिळते; पण ‘आम्ही’ म्हणण्याची संधी नाटक त्यांना कोठेच देत नाही. प्रेक्षक हा तिसरा. त्याच्याशी बोलण्याचा अधिकार बापूचा आहे. मित्रा ही सदैव ‘ती’ राहते. बापू सहृदय आहे, मित्राविषयी त्याच्या मनात मैत्रीपलीकडचेही काही आहे, आणि म्हणून त्याचे निवेदन तटस्थ नाही. तेंडुलकरांची नाट्यदृष्टी येथे प्रखर आहे, हे मान्य केले पाहिजे. समाज अशा स्त्रीला फार तर कोणाच्या तरी सांगण्यातून ओळखतो, ही वस्तुस्थिती त्यांनी रचनेतच गोवली आहे.

परंतु दुराव्याच्या दृष्टीने पाहता नाटकाची एक मर्यादा जाणवते. नमाचे मन दुभंगलेले आहे; मित्राची ओढ तिला सोडवत नाही आणि पेलवतही नाही. हे द्वंद्व नाटककाराने सूचित केले आहे. पण त्याचा पाठपुरावा होण्यापूर्वीच मन्या दळवी मध्ये येतो. मित्राचे पत्र त्याच्या हाती लागते, त्याला धमकीचे रूप येते, आणि दोघींमधील अंतराचे कारण बाहेरच्या माणसाकडे जाते. पुढे मित्राचा ऱ्हास आणि तिची आत्महत्या. प्रेक्षक हळहळतो, समाजाच्या क्रौर्याने अस्वस्थ होतो. मात्र मित्रा आणि नमा यांचे दळवीवाचून काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या मनात उभाच राहत नाही. दोघींच्या स्वभावांत जे अंतर होते, मित्राच्या प्रेमात जी मालकीची धार होती आणि नमाच्या संमतीत जी भीती होती, त्यांतून दुरावा येऊ शकला असता. नाटक त्या वाटेवर चार पावले टाकून थांबते. प्रेमाला शत्रू मिळाला की प्रेमाची परीक्षा आतून घेण्याची गरज उरत नाही.

अमोल पालेकरांच्या ‘थांग’ (२००६) या चित्रपटाचीही हीच गत निराळ्या दिशेने झाली आहे. पतीचे दुसऱ्या पुरुषाशी असलेले नाते पत्नीला कळते, आणि चित्रपट पत्नीच्या मनाचा ठाव घेतो. ‘थांग’ हा शब्द मराठीत बहुधा नकारासहच वापरला जातो. थांग लागत नाही. येथे तो लागत नाही तो प्रामुख्याने विवाहाचा. दोन पुरुषांचे आपसांत काय झाले, हे चौकटीच्या कडेलाच राहते. तुटते ते लग्न; कारण तुटण्यासाठी नाव असलेले नाते तेवढेच आहे.

४

‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत मात्र एक मूलगामी रचना दिसते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात वरच्या खोलीत एक भाडेकरू तरुण राहावयास येतो. घरातील मुलगा तनय त्याच्यावर प्रेम करतो. मुलगी अनुजाही करते. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. काही महिन्यांनी तो तिलाही सोडून नाहीसा होतो आणि ती परत येते. कादंबरीचा पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजा. त्या तरुणाला नाव नाही.

एकाच माणसाच्या जाण्याने एकाच घरात दोन माणसे पोरकी झाली आहेत. कादंबरीचे सारे सामर्थ्य या मांडणीत आहे. आणि ही मांडणी सर्वनामांच्या भेदावर उभी आहे. तनय त्या तरुणाला उद्देशून बोलतो. त्याचे निवेदन म्हणजे न पाठविलेले पत्र आहे. त्यातील संबोधन द्वितीयपुरुषी आहे. अनुजा त्याच्याविषयी लिहिते. तिच्या दैनंदिनीत तो तृतीयपुरुषी आहे. हा फरक दोन स्वभावांचा म्हणून सहज मानला जाईल. वस्तुतः तो सामाजिक आहे. अनुजाच्या दुःखाला घराने नाव दिले आहे. ती ‘पळून गेली’ होती, ‘फसली’, ‘परत आली’. हे शब्द कठोर आहेत, अन्यायकारकही आहेत. परंतु ते शब्द आहेत. त्यांवर आईवडील भांडू शकतात, रडू शकतात, तिला सावरण्याचे उपाय योजू शकतात. तिच्यासमोर तिसरा माणूस आहे, म्हणून तिला ‘तो’ म्हणता येते.

तनयसमोर तिसरे कोणी नाही. त्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे असा माणूस एकच, आणि तो निघून गेला आहे. म्हणून त्याला ‘तू’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. द्वितीयपुरुष हा येथे जवळिकीचा नसून एकाकीपणाचा पुरुष आहे. मराठी क्रियापद येथे आपले काम चोख करते. वर दाखविल्याप्रमाणे, जाणाऱ्याला उद्देशून त्याचे जाणे सांगावयाचे तर त्याचे पुरुष असणे प्रत्येक वाक्यात उमटल्यावाचून राहत नाही. जे तनय घरात कोणाला सांगू शकत नाही, ते त्याच्या वाक्यातील प्रत्यय सांगत राहतात. इंग्रजी अनुवादात, मग तो जेरी पिंटो यांच्यासारख्या समर्थ लेखकाने केलेला का असेना, हा परिणाम राहणे शक्य नाही. कारण इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही.

२०२२ साली आलेल्या चित्रपटात कथा पुण्याहून कोचीला गेली आणि मराठीतून हिंदी-इंग्रजीत गेली. रंग, पाणी, जुनी घरे यांच्या दृश्यसौंदर्याने तो चित्रपट पाहणाऱ्यास धरून ठेवतो. तथापि या स्थलांतरात काही महत्त्वाचे गळाले आहे. चित्रपटात कॅमेरा हाच तिसरा माणूस होतो. तो तनयच्या सोबत असतो, त्याच्याकडे ममतेने पाहतो, आणि त्यामुळे कादंबरीतील तनयचे जे मूळ दुःख, म्हणजे पाहणारे कोणीच नसणे, ते पातळ होते. हिंदीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद नाही. तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या सर्वनामांमधील जी दरी मराठी वाचकाला नकळत जाणवते, ती तेथे भाषेतून जाणवू शकत नाही. एकाच कथेची ही दोन रूपे शेजारी ठेवून वाचणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक उत्तम अभ्यासविषय ठरेल.

असे असले तरी ‘कोबाल्ट ब्लू’ ही दुरावण्याची कथा नव्हे, टाकून जाण्याची आहे. जाणारा एका दिवशी जातो. अंतर हळूहळू वाढत गेले, दोघांनाही ते दिसत होते आणि दोघेही ते रोखू शकले नाहीत, असे तेथे घडत नाही.

५

असे घडते ते ‘हॅपी टुगेदर’मध्ये. हाँगकाँगचे दोन तरुण, लाय यिउ-फाय आणि हो पो-विंग, इग्वासूचा धबधबा पाहण्याच्या इच्छेने अर्जेंटिनात येतात, वाट चुकतात, आणि ब्वेनोस आयरेस शहरात अडकून पडतात. टोनी लिउंग व लेस्ली चिउंग यांनी या भूमिका केल्या. या चित्रपटासाठी वाँग कार-वाय यांना १९९७ च्या कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले.

या चित्रपटात दळवी नाही. आईवडील नाहीत, शेजाऱ्यांची कुजबुज नाही. मायदेश पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोघांच्या प्रेमाला विरोध करणारे कोणी नाही. आणि तरीही ते प्रेम टिकत नाही. हो चंचल आहे, लाय मत्सरी आहे. हो जखमी होऊन येतो तेव्हा लाय त्याची शुश्रूषा करतो. तो आजारी असतो तेच दिवस लायला सर्वांत सुखाचे वाटतात, कारण त्या दिवसांत हो त्याच्या अधीन असतो. पुढे तो त्याचे पारपत्र लपवून ठेवतो. ज्याने आपल्याला सोडून जाऊ नये असे वाटते, त्याची जाण्याची साधने हिरावून घेणे, हा प्रेमाचा शेवट कोणत्याही जोडप्याच्या बाबतीत सारखाच असतो.

हो पो-विंग प्रत्येक भांडणानंतर पुन्हा आरंभापासून सुरुवात करण्याचा प्रस्ताव मांडतो आणि लाय प्रत्येक वेळी वितळतो. त्या कँटनी वाक्यात प्रथमपुरुषी अनेकवचन आहे. त्या भाषेतील हे सर्वनाम ऐकणारा आत आहे की बाहेर ते सांगत नाही. मराठीत मात्र ते वाक्य आणताना ‘आपण’ हेच रूप वापरावे लागेल. म्हणजे या चित्रपटातही ‘आम्ही’ नाही. आहे तो खोलीतला ‘आपण’, आणि तो झिजत जातो. त्या ‘आपण’चा झिजणे हाच चित्रपटाचा विषय आहे.

भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा एक प्रसंग चित्रपटाच्या उत्तरार्धात आहे. उपाहारगृहात लायबरोबर काम करणारा चांग हा तैवानी तरुण प्रवासाला निघतो. खंडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या दीपस्तंभाशी तो जाणार आहे. लायने आपले दुःख ध्वनिमुद्रकात बोलावे, ते तो तेथे सोडून येईल. लाय ते यंत्र तोंडाशी धरतो, आणि बोलू शकत नाही. चांग तेथे पोचून ध्वनिफीत ऐकतो तेव्हा तीत शब्द नाहीत. हुंदक्यासारखे काही आवाज आहेत. येथे तिसरा माणूस आला आहे, ऐकण्याची त्याची तयारी आहे, साधनही हाती आहे. उणीव आहे ती वाक्याची. ‘आम्ही दुरावलो’ हे साधे वाक्य लायजवळ नाही. ज्या नात्याला बोलण्याची सवय कधी लागली नाही, ते संपल्यावरही बोलता येत नाही.

६

या पार्श्वभूमीवर ‘साबर बोंडं’कडे पाहिले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात हा मराठी चित्रपट दाखविला गेला आणि जागतिक चित्रपटांच्या कथापट विभागातील सर्वोच्च परीक्षक पारितोषिक त्याला मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. तेथे त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोघांच्याही मागे लग्नाचा तगादा आहे. शहराने आणि वर्षांनी पाडलेले अंतर या दहा दिवसांत कमी होत जाते. भूषण मनोज, सूरज सुमन आणि जयश्री जगताप यांच्या प्रमुख भूमिका आहेत.

ही दुराव्याची नव्हे, दुरावा मिटण्याची कथा आहे. तरीही तिचा समावेश येथे अपरिहार्य आहे. कारण दुराव्याला जी पूर्वअट लागते ती मराठी पडद्यावर प्रथम येथे सिद्ध झालेली दिसते.

शीर्षकापासून आरंभ करावा. ग्रांथिक मराठीत ‘बोंडे’ हे अनेकवचन झाले असते. दिग्दर्शकाने ‘बोंडं’ हे बोलीतील सानुस्वार रूप ठेवले आहे. पात्रांच्या नावांतही हीच जाण आहे. ‘आनंद’ हे तत्सम, शहरात आणि कागदावर शोभणारे नाव; ‘बाळ्या’ हे गावात आणि लहानपणी रुळलेले. ‘या’ प्रत्ययाने नावात सलगी येते, क्वचित हेटाळणीही येते. मोठेपणी कोणी ‘बाळ्या’ म्हणावे, याचा अर्थ म्हणणारा मोठा झालेला नाही किंवा त्याने दूर जाणे मानलेले नाही. दोन नावांतील हे अंतर शहर आणि गाव यांतील अंतर आहे, आणि चित्रपट ते संवादांनी नव्हे, हाकेने ओलांडतो. पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नसल्यामुळे ही हाक आणि तिच्यामागची शांतता दोन्ही ऐकू येतात.

चित्रपटाची खरी प्रगल्भता मात्र सुतकाच्या योजनेत आहे. सुतक ही दुःखाची सार्वजनिक भाषा आहे. कोणी किती दिवस पाळावयाचे, काय खावयाचे, कोठे बसावयाचे, कोणाच्या घरी जावयाचे नाही, हे सारे नात्याच्या क्रमाने ठरलेले असते. पुत्राच्या शोकाला येथे काटेकोर व्याकरण आहे. त्याच दहा दिवसांत, त्याच माणसाच्या मनात, ज्याला कोणतेच व्याकरण नाही असे एक नाते पुन्हा अंकुरते. एका बाजूला ज्याचे नियम जाचावेत असे दुःख, दुसऱ्या बाजूला ज्याला एकही नियम नाही असे प्रेम. ही दोन्ही शेजारी ठेवून दिग्दर्शक कसलेही भाष्य करीत नाही. साबराच्या फळाला बाहेरून काटे असतात आणि आतला गर लाल व गोड असतो. काटे काढून ते दुसऱ्याच्या हाती देणे हीच बाळ्याची भाषा आहे.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक पात्र आनंदची आई हे आहे. मुलाविषयी तिला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणे हा कथेतला स्फोट नसून तिची बैठक आहे. मित्राला जो मिळाला नाही, तनयला जो मिळाला नाही, तो तिसरा माणूस येथे सापडतो. तिच्यासमोर ‘आम्ही’ म्हणता येईल. ते सर्वनाम प्रत्यक्ष उच्चारले जाते किंवा नाही हा प्रश्न गौण आहे. ऐकणारा कान उपस्थित आहे, हे महत्त्वाचे.

या चित्रपटाला दोष द्यावयाचा तर तो एवढाच, की दोघांमधील जवळीक फार जपून हाताळली आहे. संघर्ष मुख्यतः बाहेरचा आहे: भाऊबंदांचा, चालीरीतींचा, स्थळे सुचविणाऱ्यांचा. आनंद आणि बाळ्या यांच्या स्वभावांत जे एकमेकांना टोचू शकेल ते पुढे येत नाही. पहिल्या जवळिकीच्या कथेत हे स्वाभाविक आहे. मात्र ‘मित्राची गोष्ट’मधील शत्रू बाहेर ठेवण्याची रीत येथेही, सौम्य रूपात का होईना, टिकून आहे.

७

मुंबईच्या उपनगरांत दिंडोशीला लागून गोरेगावची चित्रनगरी आहे. १९७७ साली उभारलेल्या आणि पुढे दादासाहेब फाळके यांचे नाव दिलेल्या या परिसरात मराठी-हिंदी मालिकांची घरे बांधली जातात, मोडली जातात, पुन्हा बांधली जातात. दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर असे त्यांचे ठराविक रूप असते. आणि त्या घरांत नवराबायकोचे रुसवे, अबोले, फारकती शेकडो भाग चालतात. ते पाहून प्रेक्षक कंटाळतो, पण त्याला कधी असे वाटत नाही की या जोडप्याच्या भांडणाने विवाह ही गोष्टच खोटी ठरली. ज्या नात्याला घर आहे त्या नात्याला बिघडण्याची मुभा आहे.

वर चर्चिलेल्या कृतींतील जागा आठवून पाहाव्यात: बापूने दिलेली खोली, भाडेकरूची वरची खोली, परक्या शहरातील भाड्याची खोली, गावचे शिवार. घर त्यांत कोठेच नाही. म्हणून या युगुलांच्या वाट्याला येते ती शोकांतिका. साधे अपयश त्यांना परवडत नाही. समाजाने मोडलेले प्रेम दाखविले की सहानुभूती मिळते. आपसांत मोडलेले दाखविले तर ते प्रेम मुळात खरे नव्हते असे म्हणावयास लोक टपलेले असतात, ही भीती लेखकाचा हात धरते. ही भीती निराधार नाही. परंतु जे नाते केवळ दुसऱ्यांकडूनच मोडले जाऊ शकते, ते अजून पूर्ण नाते म्हणून कल्पिले गेलेले नाही, हेही तितकेच खरे. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या सुखाला मान्यता देण्यात जशी असते, तशी त्याच्या चुका त्याच्याच म्हणून मान्य करण्यातही असते.

१९८१ ते २०२५ या अवधीत मराठी वाङ्मय व चित्रपट यांनी या वाटेवर बरेच अंतर कापले आहे. ‘मित्राची गोष्ट’मध्ये दुसरा कोणी ‘ती’ म्हणून कथा सांगतो. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये मागे राहिलेला ‘तू’ म्हणून स्वतःच सांगतो. ‘साबर बोंडं’मध्ये ‘आपण’ आहे आणि ‘आम्ही’ ऐकून घेणारी आई आहे. राहिले आहे ते एकच. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया अनेक वर्षे एका घरात राहिल्या, त्यांना कोणी छळले नाही, आणि तरीही एके दिवशी त्यांना कळून चुकले की आता परस्परांशी बोलण्यासारखे काही उरले नाही, अशी मराठी कृती. त्या कृतीतील पात्राला ‘तू मला सोडलेस’ या वाक्याच्या आडोशाला जावे लागणार नाही. ते शेजाऱ्याला, भावाला, आईला सांगू शकेल: आम्ही दुरावलो. आणि ऐकणारा, लग्न मोडलेल्या कोणाही माणसाला विचारतो तसे, ‘जेवलास का?’ एवढेच विचारील.